जिरा डेटा सेंटर तीन सर्व्हरवर नेताना या चुका टाळा

जिरा म्हणजे अ‍ॅटलासियन कंपनीचं, कामांची तिकिटं सांभाळणारं सॉफ्टवेअर; डेटा सेंटर ही त्याची अनेक सर्व्हरवर चालवता येणारी आवृत्ती. आमच्याकडे शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी जिरात एकच फिल्टर (साठवलेला शोध) उघडला. एकाला ४३ तिकिटं दिसली, दुसऱ्याला ४१.

"अरे, एकदा रिफ्रेश कर ना."

"दोनदा केलं. ४१च आहेत."

आमच्या टीमने हा प्रकार दोन दिवस ब्राउझरच्या माथी मारला. कॅश साफ करा, दुसरा ब्राउझर वापरून बघा, लॉगआउट करून परत या, सगळं सांगून झालं. खरं कारण असं होतं की पहिला माणूस नोड १ वर (जोडलेल्या सर्व्हरपैकी प्रत्येक म्हणजे एक नोड) होता आणि दुसरा नोड ३ वर, आणि नोड ३ पर्यंत बदल पोचतच नव्हते.

जिराच्या क्लस्टरबद्दलचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरबद्दलचा, सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. तीन सर्व्हर जोडले म्हणून एक मोठा सर्व्हर तयार होत नाही. डेटाबेस एकच असतो आणि अटॅचमेंट ज्या शेअर्ड होममध्ये (सगळ्या नोडच्या सामायिक फोल्डरमध्ये) राहतात तेही एकच. पण शोधासाठी लागणारा ल्युसीन इंडेक्स (शोध पटकन व्हावा म्हणून केलेली सूची) नेहमीच्या मांडणीत प्रत्येक नोडच्या स्वतःच्या डिस्कवर वेगळा असतो. तिकीट थेट उघडलं की माहिती डेटाबेसमधून येते, म्हणून ती सगळ्यांना सारखी दिसते. फिल्टर, बोर्ड, डॅशबोर्ड मात्र इंडेक्सवर चालतात. म्हणून "लिंकवरून तिकीट उघडतं, पण बोर्डवर दिसत नाही" अशी तक्रार आली की पहिला प्रश्न एकच विचारा: तुम्ही कोणत्या नोडवर आहात? पानाच्या अगदी तळाशी, व्हर्जनच्या शेजारी नोडचं नाव लिहिलेलं असतं. त्याचा स्क्रीनशॉट मागवायची सवय लावली तर निम्मा तपास तिथेच होतो.

नोड एकमेकांशी बोलतात का?

नोड आपापसात कॅश (हाताशी साठवलेली माहिती) आणि इंडेक्समधले बदल कळवतात ते साधारणपणे ४०००१ आणि ४००११ या दोन पोर्टवरून. फायरवॉलच्या अर्जात बहुतेक वेळा पहिलाच लिहिला जातो, दुसरा राहून जातो. क्लस्टर.प्रॉपर्टीज या फाइलमध्ये दोन्ही पोर्ट स्पष्ट लिहा आणि नेटवर्कच्या माणसांना दोन्ही दिशांनी उघडायला सांगा. मग प्रत्येक नोडवरून बाकीच्या प्रत्येक नोडकडे जोडणी लागते का, ते स्वतः तपासा. तीन नोड म्हणजे सहा तपासण्या. "उघडलंय" या मेलवर विसंबू नका.

आमच्याकडे पोर्ट उघडे होते, तरी अडलं होतं. नोड ३ उबुंटूवर होता आणि त्या मशीनच्या /ईटीसी/होस्ट्स फाइलमध्ये तिचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ ला बांधलेलं होतं. कुठल्याही मशीनवर हा पत्ता म्हणजे ती मशीन स्वतःच. इन्स्टॉलेशनच्या वेळी ही ओळ आपोआप येते आणि एकट्या सर्व्हरला तिचा काही त्रास नसतो. क्लस्टरमध्ये मात्र तो नोड सुरू होताना हाच पत्ता आपला म्हणून डेटाबेसमध्ये नोंदवतो. मग नोड १ त्या पत्त्यावर निरोप पाठवायला जातो आणि स्वतःच्याच दारात येऊन थांबतो. डेटाबेसमधलं क्लस्टरनोड हे टेबल उघडून आयपीचा रकाना पाहिला तेव्हा दोन मिनिटांत उलगडा झाला. ते टेबल पहिल्या दिवशीच पाहायला हवं होतं, याची मला आजही खंत वाटते. तेव्हापासून नवा नोड जोडला की मी आधी तो रकाना बघतो. शिवाय क्लस्टर.प्रॉपर्टीजमध्ये त्या नोडचा खरा पत्ता हाताने लिहून ठेवतो.

आणखी एक खूण आहे. समोरचा नोड सापडत नसेल तर न पोचलेले निरोप लोकल होममधल्या (नोडच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या) लोकलक्यू या फोल्डरमध्ये साठत जातात. त्या फोल्डरचा आकार वाढत चालला असेल तर कुठेतरी रस्ता तुंबला आहे. मॉनिटरिंगमध्ये हा एक आकडा जरूर घ्या.

दुरुस्ती झाल्यावर घाईने भर दुपारी सगळ्यांचं कामकाज थांबवून पूर्ण रीइंडेक्स (सगळा इंडेक्स नव्याने बांधणं) लावू नका. बाकीचे दोन नोड ठीक असतील तर त्यांच्यावरचा इंडेक्स मागे पडलेल्या नोडवर आणता येतो. तेवढ्या वेळापुरता तो नोड लोड बॅलन्सरमधून (येणाऱ्या माणसांना नोडवर वाटून देणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर काढा.

आधी करायचा हिशेब

क्लस्टर कशासाठी हवा आहे, याचं उत्तर सुरुवातीलाच लिहून काढा. एक सर्व्हर बंद पडला तरी काम चालू राहावं, किंवा गर्दीच्या वेळी माणसं वाटली जावीत, ही योग्य कारणं आहेत. पण एखादा डॅशबोर्ड ४० सेकंद घेत असेल तर त्याचं कारण बहुधा अवाढव्य फिल्टर, शेकडो कस्टम फील्ड किंवा जड प्लगइन असतं. तोच डॅशबोर्ड तीन नोडवर तिन्हीकडे ४० सेकंदच घेणार. आधी ते साफ करा.

डेटाबेसच्या जोडण्यांचा हिशेबही कागदावर मांडा. जिराच्या डीबीकॉन्फिग फाइलमध्ये एका नोडसाठी जास्तीत जास्त २० जोडण्या धरलेल्या असतात. कामाचा ताण वाढला म्हणून कुणी तो आकडा ४० केला, तर तीन नोडच्या १२० झाल्या. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० आहे. चाचणीत हे कधीच दिसत नाही, कारण चाचणीच्या दिवशी तेवढी माणसं आत नसतात. सोमवारी सकाळी सगळे एकदम आले की कळतं.

लोकल होम आणि इंडेक्स एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक डिस्कवर) ठेवू नका, ते त्या मशीनच्या वेगवान डिस्कवरच हवेत. शेअर्ड होम एनएफएसवर चालतं, पण ती एनएफएसची मशीन एकटीच असेल तर तीन नोड असूनही तुमचा जीव एकाच मशीनमध्ये अडकलेला आहे. सगळ्या नोडची घड्याळं क्रोनी किंवा तत्सम सेवेने जुळवून ठेवा आणि टाइमझोन सारखा ठेवा. लोड बॅलन्सरवर स्टिकी सेशन (एका माणसाला दर वेळी त्याच नोडवर पाठवणं) चालू हवंच, नाहीतर लोक मधूनमधून लॉगिनच्या पानावर फेकले जातात. नोडची तब्येत तपासणी (हेल्थ चेक) मुख्य पानावर न लावता /स्टेटस या पत्त्यावर लावा, म्हणजे अजून सुरू होत असलेल्या नोडकडे कुणाला पाठवलं जाणार नाही.

नियोजनात एक तारीखही धरा. अ‍ॅटलासियनने एका सर्व्हरवर चालणाऱ्या 'सर्व्हर' आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला आणि डेटा सेंटरसाठी २८ मार्च २०२९ ही शेवटची तारीख जाहीर केली आहे. आज हार्डवेअर घेताना तेवढीच वर्षं हिशेबात घ्या.

स्टेजिंगची प्रत काढताना

ही चूक सगळ्यात महागात पडते. प्रॉडक्शनच्या (रोजच्या खऱ्या कामाच्या) नोडची जशीच्या तशी प्रत काढून स्टेजिंग (चाचणीची जागा) म्हणून सुरू केली, की तिच्या आतल्या डीबीकॉन्फिग आणि क्लस्टर.प्रॉपर्टीज फाइल अजून प्रॉडक्शनच्याच डेटाबेसकडे आणि शेअर्ड होमकडे बोट दाखवत असतात. म्हणून प्रत काढलेली मशीन आधी नेटवर्क तोडून सुरू करा, दोन्ही फाइल बदला आणि मगच जिरा चालू करा. मेलसाठी अ‍ॅटलासियन.मेल.सेंडडिसेबल्ड आणि फेचडिसेबल्ड हे दोन्ही पर्याय सुरू होतानाच्या पॅरामीटरमध्ये ट्रू करून ठेवा. नाहीतर जुन्या तिकिटांची स्मरणपत्रं खऱ्या ग्राहकांना जातात.

सगळं उभं राहिल्यावर, लोकांना सांगून, एखाद्या शनिवारी दुपारी एक नोड खरोखर बंद करा. त्या नोडवरच्या माणसांचं सेशन जातं, कारण सेशन दुसऱ्या नोडवर उचललं जात नाही. त्यांना परत लॉगिन करावं लागेल आणि अर्धवट लिहिलेली कॉमेंट जाऊ शकते. लोड बॅलन्सरला तो नोड गेल्याचं किती सेकंदांत कळलं, ते घड्याळ लावून लिहून ठेवा. मग नोड परत सुरू करा, नवं तिकीट दुसऱ्या नोडवर तयार करा आणि परत आलेल्या नोडच्या फिल्टरमध्ये ते दिसतं का, ते बघा.