यूज्ड टू: जायचो की सवय आहे?

काल भाच्याने नोकरीचा अर्ज दाखवला, त्यात लिहिलेलं, आय यूज टू गो टू द जिम डेली. म्हटलं अरे तू आत्ता जातोस ना, मग आय गो टू द जिम डेली, बस. यूज्ड टू म्हणजे आधी करायचो, आता सुटलं. आणि त्यातला डी लिहायचाच, बोलताना तो पुढच्या टू मध्ये विरघळतो, कानाला ऐकूच येत नाही, म्हणून लिहितानाही सगळे खातात.

आपल्याला सोपं आहे, वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. शेवटी यचो, यचे, यचं आलं की यूज्ड टू आणि पुढे साधं क्रियापद. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहायचो, वी यूज्ड टू लिव्ह इन दांडिया बाजार. बडोद्याच्या न्यायमंदिर नावाच्या इमारतीत पूर्वी कोर्ट होतं, तिथेही देअर यूज्ड टू बी अ कोर्ट चालतं. (मला जायचंय मधला यचं यात धरू नका, ते वॉन्ट टू.) पण 5 वर्षं राहिलो म्हणायचं असेल तर वी लिव्ड देअर फॉर 5 यर्स, मराठीत तरी 5 वर्षं राहायचो कोण म्हणतं?

आता खरी गोची. मराठीत सवय आहे आलं की आधी ॲम, इज, आर लागतं आणि पुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप. मला बडोद्याच्या उन्हात स्कूटर चालवायची सवय आहे, आय ॲम यूज्ड टू रायडिंग अ स्कूटर इन द हीट. इथे राइड लिहिलं की चुकलं, आणि वर ॲमही विसरलात तर अर्थच बदलतो. सवय होतेय असेल तर ॲम गेटिंग यूज्ड टू.

मग भाचा म्हणतो, मामा, द नाइफ इज यूज्ड टू कट अन्यन्स, इथे इज आहे तरी कट कसं? अरे ते वापरतात वालं यूज्ड, त्याचा उच्चारही वेगळा, त्यात झ ऐकू येतो. तिथे कटिंग लिहिलंस तर सुरीला कांदे कापायची सवय आहे असं होईल!

प्रश्नात आणि नकारात मात्र डी जातो, भूतकाळ डिडने आधीच घेतलाय ना. डिड यू यूज टू प्ले? आय डिडन्ट यूज टू लाइक इट.

अर्ज सुधारून पाठवला त्याने. जिमचं वाक्य मात्र काढूनच टाकलं, म्हणे खरं सांगू का मामा, जायचोच.