नागपूरचा पहिला उन्हाळा आणि कूलरचा सुटलेला डक्ट

चिपळूणहून नागपूरला येऊन मला 14 वर्षं झाली. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-परिसरात, नोकरी लागून किंवा बदलीवर इकडे येणारे घरभाडं विचारतात, शाळा विचारतात, सावजी कुठलं चांगलं तेही विचारतात. कूलरचं मात्र एप्रिल अर्धा सरल्यावर विचारतात, आणि तोवर मिस्त्री हाताला लागत नाही. म्हणून हे होळीच्या आधीच वाचा.

इथे कूलर लागतोच. पारा 45 च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. कूलरच्या बाजूंना बसवलेल्या गवताच्या ओल्या ताट्यांतून आत येणारी हवा त्यामुळेच गार होते. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय चालला नसता. बऱ्याच घरांत कूलर गच्चीवर किंवा बाल्कनीत असतो आणि पत्र्याच्या डक्टमधून हवा खोलीत येते. कूलरचं तोंड आणि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा पट्टा असतो. उन्हाने तो सडतो, पंख्याच्या थरथरीने ढिला होतो, आणि मे महिन्यातल्या एखाद्या वादळात सुटतो.

आमचा पहिल्याच उन्हाळ्यात तीनदा सुटला. मी टेप लावायचो, दोन दिवसांत ती फुगून निघायची. शेवटी मिस्त्री आले. जोडाकडे पाहायच्या आधी त्यांनी खोलीचं बंद दार पाहिलं. "काऊन बंद करून बसले जी? हवा जाईन कुठून? मागची खिडकी उघडा ना!" मी एसीच्या सवयीने सगळं घट्ट लावून घेतलं होतं. कूलर बाहेरची हवा आत ढकलत राहतो. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत दाब वाढतो आणि जोडात जिथे कच्ची जागा असेल तिथून हवा फुटते. शिवाय खोली दमट होऊन अंग चिकचिकतं, ते वेगळंच. तेव्हा डक्टच्या समोरच्या बाजूची खिडकी चार-पाच बोटं उघडी ठेवा. माझ्या मते निम्मी दुरुस्ती इथेच होते.

तरीही गारवा कमी वाटला तर उदबत्ती पेटवून जोडाभोवती फिरवा. धूर बाहेर उडाला तर गार हवा वाटेतच गळते आहे. मग कूलरच्या ताट्यांच्या चौकटींजवळ न्या. फटीतून धूर आत ओढला गेला, तर पाण्याला न शिवता कोरडी गरम हवा थेट पंख्याकडे जाते आहे. हा दोष जास्त वाईट, कारण डक्ट कितीही पक्का केला तरी खोलीत झळच येणार. चौकट नीट बसवा, जुनी ताटी खाली बसून वर मोकळी जागा पडली असेल तर ती बदला.

जोडाचं काम सकाळी सातला करा, दहानंतर गच्चीवरच्या पत्र्याला हात लावता येत नाही. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंही. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला टेकलेल्या डक्टचाही शॉक बसू शकतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, 30 मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, आणि पाणी भरतानाही प्लग काढलेलाच ठेवा. यात हयगय करू नका, मी हात जोडून सांगतो.

सडलेला कॅनव्हास शिवत बसू नका, नवा घ्या. तो थोडा सैल ठेवा, ताणून बांधला तर थरथर सगळी पत्र्यात उतरते आणि रात्रभर खडखड ऐकावी लागते. दोन्ही टोकांना स्टीलचा पट्टा स्क्रूने आवळा. पत्र्याच्या सांध्यांवर ॲल्युमिनियम फॉइल टेप लावा, पण आधी धूळ पुसून पत्रा कोरडा करा. कापडी टेपचा डिंक इथल्या उन्हात वितळतो. डक्टचा भार जोडावर येऊ देऊ नका, भिंतीत खुंटी ठोकून पट्टीने त्याला स्वतंत्र आधार द्या. आमचा डक्ट सुटायचं दुसरं कारण तेच होतं.

बोअरच्या पाण्याने ताट्यांवर क्षार बसतात, ते पाहत राहा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, संपून पावसाळी हवा आली की कूलर कामाचा राहत नाही. तेव्हा टाकी कोरडी करा आणि डक्टचं खोलीतलं तोंड पुठ्ठा लावून बंद करा. आमच्याकडे एका वर्षी ते राहिलं आणि आत चिमणीने घरटं केलं. पिल्लं उडेपर्यंत आम्ही त्या डक्टला हात लावला नाही.