टर्मिनलमध्ये फाइलची साइझ एका नजरेत कळण्यासाठी

फाइलची यादी दाखवणारी एलएस कमांड एलएस -एल अशी मारली की साइझच्या कॉलममध्ये ३४८९६६०९२८ असला आकडा येतो आणि फाइल तीन जीबीची आहे की तीनशे एमबीची हे कळायला अंक मोजत बसावं लागतं. बाइट्समधला हिशोब स्क्रिप्टसाठी ठीक, माणसाला त्रासच. उपाय एका अक्षराचा आहे, स्मॉल एच. एलएस -एलएच अशी कमांड द्या, तोच आकडा ३.३जी असा दिसेल. नुसतं एलएस -एच देऊन काही होत नाही, कारण एल नसेल तर साइझचा कॉलमच येत नाही.

आता हे ३.३ कुठून आलं? एच १०२४ च्या पटीत मोजतं, त्या हिशोबाने ही फाइल बरोबर ३.२५ भरते, पण लिनक्सवरचं एलएस कायम वरच्या बाजूला राउंड करतं म्हणून ३.३. हार्ड डिस्क बनवणारे मात्र १००० च्या पटीत मोजतात, तसं बघायचं तर लिनक्सवर एचऐवजी --एसआय द्या, तीच फाइल ३.५जी दिसेल. त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर फाइल खराब झाली असं लगेच समजू नका, आधी कुठल्या पटीत मोजलंय ते बघा.

सगळ्यात मोठी फाइल वर हवी तर शेवटी कॅपिटल एस जोडा. लिस्ट लांब असेल तर त्यापुढे स्मॉल आर पण लावा, मोठ्या फाइल खाली प्रॉम्प्टजवळ येतात आणि वर स्क्रोल करावं लागत नाही, मला तरी हेच सोयीचं वाटतं.

फोल्डरच्या बाबतीत मात्र एलएसवर विश्वास ठेवू नका. समोर ४.०के दिसतं ती फक्त त्या डिरेक्टरीच्या स्वतःच्या नोंदींची जागा, आतमध्ये भले पन्नास जीबी असो. तिथे आतली सगळी जागा मोजणारी डीयू कमांड वापरा, डीयू -एसएच आणि पुढे स्टार (*) द्या, आणि क्रमाने हवं तर ते पाइप करून, म्हणजे मध्ये | हे चिन्ह टाकून, सॉर्ट -एच ला द्या. सॉर्ट -एन नको, ते फक्त अंक बघतं, त्याच्या लेखी ९००के हे २जी पेक्षा मोठं! स्टारमध्ये डॉटने सुरू होणारे लपलेले फोल्डर येत नाहीत हेही लक्षात असू द्या.

रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर होम फोल्डरमधल्या .बॅशआरसी फाइलमध्ये (टर्मिनलची सेटिंग्ज असलेली फाइल) एलियास एलएल='एलएस -एलएच' ही ओळ टाका, मॅकवर बॅशऐवजी झेडशेल असेल तर .झेडएसएचआरसी मध्ये, आणि नवीन टर्मिनल उघडा, मग नुसतं एलएल टाइप केलं तरी चालतं.