आईसाठी फोन घ्यायचा? आधी कूलर लावून बघा

गेल्या मे महिन्यात एका दुपारी मी पुण्याहून आईला अकरा वेळा फोन लावला. एकदाही उचलला नाही. शेवटी शेजारच्या काकू भर उन्हात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी जाऊन आल्या. आई कूलरसमोर गाढ झोपली होती आणि फोन उशाशीच होता. कूलरच्या घरघरीत रिंग तिला ऐकूच आली नव्हती. त्या दोन तासांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगवत नाही. म्हणून यंदा उन्हाळ्याआधी चार दिवसांची सुट्टी काढून नागपूरला गेले आणि नवा, साधा बटणांचा फोन नीट पारखून घेतला. तुमचे आई-बाबाही दूर एकटे राहत असतील तर ही तयारी तुमच्या कामी येईल.

दुकानात जाण्याआधी एक दिवस घरात नुसतं बघत बसा. फोन कुठे ठेवतात, कोणत्या कानाला लावतात, कोणतं बटण चुकतं. आईचा अंगठा संधिवाताने वाकलाय. जुन्या फोनच्या सपाट बटणांवर ती ४ दाबायला जायची आणि ५ पण दाबलं जायचं. आपण तिला सारखं म्हणायचो, "आई, नीट दाब ना." चूक बटणांची होती.

नंबर मात्र बदलू नका. बँक, पेन्शन, गॅस, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. सिम कोणतं आहे तेही आधीच बघा, कारण जिओचं सिम जुन्या टूजी फोनमध्ये चालत नाही, त्याला फोरजीच फोन लागतो. उलट जिओभारत फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. जुन्या घरांच्या जाड भिंतींमुळे आमच्या मधल्या खोलीत रेंज जाते, म्हणून मी दोन सिमचा फोन घेतला आणि दुसरं सिम काकूंच्या कंपनीचं टाकलं, त्यांच्याकडे रेंज चांगली असते.

खरेदीला आईला सोबत न्या, आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रविवारी जाऊ नका, त्या गर्दीत काही ऐकू येत नाही. फोन तिच्या हातात द्या आणि तुमचा नंबर दाबायला सांगा. बटणं सुटी सुटी, उंचवट्याची आणि ठळक आकड्यांची हवीत. दाबलेला आकडा बोलून दाखवणारा फोन मिळाला तर उत्तमच. मेनू मराठीत होतो का बघा. टॉर्चला बाजूला वेगळं बटण असावं, रात्री लाइट गेली की तेच आठवतं. चार्जिंगला टाइप-सी असेल तर पिन उलटसुलट कशीही बसते, थरथरत्या हाताला तो मोठा आधार आहे. दोरी ओवायला भोक आहे का तेही बघा. कॅमेरा, रेडिओ यांचा विचार करत बसू नका.

घरी आल्यावर कूलर फुल स्पीडवर लावा, आईला पलंगावर झोपवा आणि बाहेरून फोन करा. आम्ही तीन रिंगटोन बदलल्या. ज्येष्ठांना बारीक, किणकिणती रिंग नीट ऐकू येत नाही, जाड आवाजाची येते. सोबत व्हायब्रेशन चालू ठेवा. फोन खिडकीत ठेवू देऊ नका, मे महिन्याचं ऊन बॅटरीची वाट लावतं.

मग स्पीड डायल, म्हणजे एकच आकडा दाबून धरला की ठरवलेला नंबर लागतो. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला मदतीचा फोन लागावा, अशी सोय २०१७ पासून सक्तीची आहे. तुमच्या फोनमध्ये कोणता आकडा आहे ते विचारून तो मोकळा सोडा. आमच्याकडे २ वर मी, ३ वर काकू, ४ वर डॉक्टर. १९०९ वर जाहिरातींचे फोन बंद करून घ्या. ओटीपी कुणालाही, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही सांगायचा नाही, हे रोज एकदा सांगा. पैसे गेलेच तर लगेच लावायचा १९३० हा नंबर जाड अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा.

रिचार्ज आपल्याच हातात ठेवा, ते संपून फोन बंद पडला तर तिला कळणारही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला कंपन्यांना सांगितलं, ते ३६५ दिवसांपर्यंतचे असू शकतात. इंटरनेट नको असेल तर तेच मागा.

शेवटचे दोन दिवस फक्त सरावाचे. उचलणं, कापणं, चार्जिंगला लावणं, मिस कॉल बघून उलट फोन करणं. तुम्ही समोर बसलात तर ती तुमच्याकडेच बघते, म्हणून घराबाहेर पडा आणि तिच्या फोनची वाट बघा. पहिल्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी बडकस चौकात पोचले तोवर फोन वाजला.

"ऐकू येतंय ना गं? येताना दहा रुपयांचा सांबार घेऊन ये." (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.)