गावाच्या विकास आराखड्यावर हरकत कशी नोंदवावी: घरंही होतील, शिवारही राहील

आराखडा जाहीर झाला की गावात एकच प्रश्न फिरतो, ‘आपला गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा, यलोत आला का ग्रीनमध्येच राहिला?’ पिवळा म्हणजे रहिवास विभाग, हिरवा म्हणजे शेती. पिवळ्यात आलेल्या जमिनीचा भाव रातोरात वाढतो, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. पण पावसाचं पाणी कुठून वाहणार, गुरं कुठे चरणार, पोरांना घर कुठे बांधता येणार, हेही त्याच कागदावर ठरत असतं. त्यावर बोलायचा हक्क कायद्याने कोणालाही दिला आहे. त्यासाठी जमीन नावावर असावी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आमचं गाव पुण्याच्या कडेला आहे. पहिल्यांदा आम्ही हरकती दिल्या तेव्हा एकच मजकूर झेरॉक्स करून घरोघरी सह्या घेतल्या: ‘आमच्या गावाचा निसर्ग वाचवा.’ सुनावणीत त्या सगळ्या गठ्ठ्याला मिळून पाच मिनिटं मिळाली. साहेबांनी विचारलं, ‘कोणता गट? काय बदल हवा?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून शिकलेलं इथे लिहितो आहे.

मुदत आधी पाहा

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप विकास योजना, म्हणजे आराखड्याचा मसुदा, जाहीर होते आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नकाशा हातात येईपर्यंतच त्यातला आठवडा जातो, म्हणून आराखडा येणार अशी कुणकुण लागली की तयारी सुरू करा. दुसरी वाट कलम ३७ ची. मंजूर योजनेत एखाद्या गटाचा रंग बदलायचा असेल तर त्याचीही नोटीस निघते आणि महिनाभराची मुदत असते. ही जाहिरात पेपरात कोपऱ्यात येते. गावातल्या एकाने रोज ती पाहायची, असं ठरवूनच टाका.

कागद जमवा

गाव नकाशा, सातबारे, विद्यमान भूवापर नकाशा, प्रस्तावित भूवापर नकाशा आणि योजनेचा अहवाल, इतकं लागतं. विद्यमान नकाशा म्हणजे आज जमिनीवर काय आहे याची सरकारी नोंद. खऱ्या चुका तिथेच सापडतात. बागायत असलेला गट पड दाखवलेला असतो, ओढा गायब असतो. पाया चुकला की वरचा प्रस्ताव चुकणारच.

शिवार फिरा

गाव नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून ओढे, पाणंद, विहिरी, पाझर तलाव, गायरान पेन्सिलीने उतरवून घ्या आणि तो कागद घेऊन चालत निघा. सोबत म्हातारं माणूस हवंच. ओढ्याचं जुनं वळण त्याच्याच डोक्यात असतं.

ओढ्याचे फोटो पावसाळ्यात काढा. एप्रिलमधला फोटो दाखवलात तर समोरचा म्हणेल, इथे तर नुसती वाळू आहे. आमच्याकडे भाद्रपदातला एक फोटो आहे. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांपर्यंत पाणी, मागे शाळेची भिंत. दहा पानांच्या अर्जाने झालं नसतं ते त्या एका फोटोने झालं, कारण ओढा नेमका कुठे आहे ते त्या भिंतीवरून ठरवता आलं.

टेकडी असेल तर उतार मोजा. राज्याच्या बांधकामाच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम बसत नाही. पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, हा त्याचा अर्थ. गवंड्याची पाण्याची नळी आणि टेप घ्या. दहा फूट आडव्या अंतरात चढ दोन फुटांहून जास्त भरला तर तसं लिहून ठेवा. नदीकाठ असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा मागा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

घरं कुठे हवीत तेही सांगा

‘इथे नको’ म्हणणाऱ्या हरकती ढिगाने येतात. ‘इथे नको, त्याऐवजी तिथे करा’ असं सांगणारी हरकत क्वचित येते आणि तीच लक्षात राहते. घरांची गरज खरी आहे. गावात तीन भावांत दोन खोल्या आहेत, आणि शहरात कामाला जाणारी माणसं आपल्याच वेशीवर भाड्याने राहतात. आराखड्यात त्यांना जागा मिळाली नाही तर ती गुंठा-गुंठा घेऊन बेकायदा घरं बांधतात. मग रस्ता आठ फुटांचा, सांडपाणी ओढ्यात. शिवार त्यानेही जातंच.

म्हणून गावठाणालगतचे मुरमाड, जिरायत, डांबरी रस्ता असलेले गट शोधा आणि घरांसाठी तेच सुचवा. काळी, बागायत जमीन आणि ओढ्याचे काठ सोडा.

इथे सगळ्यात अवघड गोष्ट येते. ज्याचा गट हिरवा राहतो त्याचं लाखोंचं नुकसान होतं, आणि शेजाऱ्याचं सोनं होतं. हे न बोलता हरकत लिहिलीत तर गावात कायमचं वैर येईल. आधी त्या मालकाच्या ओसरीवर जाऊन बसा. नगर रचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, हा यावरचा मला पटलेला मार्ग. सगळ्यांची जमीन एकत्र धरून रस्ते, बागा, शाळा यांच्यासाठी वाटा काढायचा आणि उरलेले अंतिम भूखंड मालकांना परत द्यायचे. सोसणं आणि फायदा दोन्ही वाटले जातात, ओढाही मोकळ्या जागेत धरता येतो. हडपसरला मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी स्वतःच सुमारे ४०० एकर एकत्र करून शहर उभं केलं. तिथली वाट वेगळी होती, पण जमीन एकत्र ठेवली की मालक मालकच राहतो, हे त्यातून दिसलं.

हरकत लिहा

एका अर्जात एकच मुद्दा, आणि गट क्रमांक पहिल्या ओळीत. असा:

‘मौजे …, गट क्र. … च्या पूर्व बांधालगतचा ओढा प्रारूप योजनेत दाखवलेला नाही. गाव नकाशावर तो आहे (प्रत जोडली). पावसाळ्यात पात्र सुमारे १८ फूट रुंद भरते (छायाचित्रे जोडली). सदर ओढा व त्याचे काठ रहिवास विभागातून वगळावेत. त्याऐवजी गावठाणाच्या दक्षिणेकडील गट क्र. … व … हे जिरायत व रस्त्यालगतचे असल्याने रहिवास विभागात घ्यावेत.’

बास, इतकंच. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावं. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडलात तर वजन वाढतं. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हरकतींनी काय होतं, असं म्हणणारे भेटतील. पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, २०२१ च्या प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून जास्त हरकती आल्या आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. गोव्यात लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ च्या जानेवारीत २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या, २०२१ सालापर्यंतच्या आराखड्यासाठी तिथे नकाशे गावोगाव दिले गेले.

सुनावणी आणि त्यानंतर

सुनावणीला एकाने बोलावं, दुसऱ्याने नकाशा धरावा. पहिलं वाक्य गट क्रमांकाचं, दुसरं मागणीचं. फोटो मोठे छापून न्या; मोबाईल पुढे करून काही दिसत नाही. भांडू नका. समोरच्या अधिकाऱ्यालाही तीसेक गावं उरकायची असतात.

योजना सरकारकडे गेली की बरेच जण गप्प बसतात. तसं करू नका. कलम ३१ खाली मंजुरी देताना सरकारने मोठे बदल सुचवले तर त्यांची पुन्हा नोटीस निघते आणि पुन्हा हरकत देता येते. हरकती ऐकणाऱ्या समितीने तुमच्या अर्जावर काय शिफारस केली ते माहिती अधिकारात मागा. आणि योजना मंजूर झाली की लगेच, ज्या गटावर हरकत दिली होती त्याचा झोन दाखला (गट कोणत्या विभागात आला ते सांगणारा कागद) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला तेवढाच तुकडा) काढा, आणि ओढा त्यावर उमटला आहे का ते आपल्या ट्रेसिंगशी ताडून पाहा.