गॅमा किरण दिले की लगेच नवा वाण? या चुका टाळा

बियांना गॅमा किरण दिले की त्यांच्या जनुकांत बदल होतात, आणि त्यातून पुढे नवा वाण निवडता येतो. दरवर्षी ऑगस्टमध्ये पलूस-तासगावकडच्या एखाद्या पोराचा फोन येतो. "सर, किरण दिलेल्या सोयाबीनमध्ये खुजी झाडं आलीत, वाण सापडला!" नाही सापडला. ती एम-१ आहे, किरण दिलेल्या बियांतून थेट उगवलेली पिढी. तिथलं खुजेपण, आकसलेली पानं, वांझ फुलं ही बहुतेक किरणांनी झालेली इजा असते, ती पुढच्या बियाण्यात उतरत नाही. खरे बदल बहुधा अप्रभावी (दोन्ही प्रती बदलल्याशिवाय न दिसणाऱ्या) जनुकाचे, ते एम-२ मध्ये, म्हणजे एम-१ च्या बियांतून आलेल्या पिढीत, डोकं वर काढतात. त्यात एम-१ चं झाड ठिगळांचं असतं, बदल एका फांदीत असला तरी शेजारची जुनीच. म्हणून मी एम-१ मध्ये झाड निवडतही नाही, उपटतही नाही. प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या पिशवीत, आणि पुढे प्रत्येकीची वेगळी ओळ टोकतो. एवढा धीर नसेल तर या कामात पडूच नका. टीएजी-२४ भुईमूगसुद्धा थेट किरणांतून आला नाही, म्युटंट (जनुक बदललेल्या) वाणांच्या संकरातून आला.

दुसरी चूक भेसळीची. तीत माझे तीन हंगाम गेले. मी किरण दिलेल्या जेएस-३३५ या सोयाबीन वाणाची फुलं जांभळी, शेंगा बिनलवेच्या. एम-२ मध्ये एक झाड पांढऱ्या फुलांचं दिसलं, मी लाल दोरा बांधून जपलं. शेंगांवर लव आली, बियांचा डोळा काळ्याऐवजी तपकिरी निघाला, तरी मी "एकदम बरेच बदल झाले" अशी मनाची समजूत घातली. शेवटी शेजारच्या रानातल्या वाणाशी सगळं तंतोतंत जुळलं. मजूर मिळेना म्हणून त्या वर्षी मळणी यंत्र लावलं होतं, आणि आदल्या दिवशी त्यातून शेजाऱ्याचं सोयाबीन निघालं होतं. एकाच झाडात तीन-चार वेगवेगळी लक्षणं बदललेली दिसली की मी आधी भेसळीचा संशय घेतो. तेव्हापासून चाचणीची मळणी काठीने, ताडपत्रीवर, घरच्या अंगणात.

दुसऱ्याच्या पिकाचा किरणांचा डोस उचलू नका. सोयाबीनला १५० ते ३०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) यांमधले चार-पाच डोस थोड्या बियांवर देऊन उगवण आणि रोपांची उंची बघा. सगळ्या बियांचा ओलावा सारखा ठेवा.

तुलनेसाठी किरण न दिलेल्या मूळ वाणाची ओळ शेजारी हवीच.

आणि ईएमएस, म्हणजे किरणांऐवजी जनुकात बदल घडवायला वापरतात ते रसायन, घरी आणू नका. ते कर्करोगकारक आहे. प्रयोगशाळेत, हातमोजे घालून, धूर ओढणाऱ्या कपाटाखालीच वापरा. बिया वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा, उरलेलं द्रावण सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ केल्याशिवाय ओतू नका.