हॅक होऊन बंद पडलेलं खातं परत मागायला बसण्याआधी

इन्स्टाग्राम-फेसबुकसारखं खातं परत मागायचा, म्हणजे अपिलाचा, फॉर्म भरायला दहा मिनिटं पुरतात, म्हणून मी मागच्या वर्षी तो घाईघाईत भरला आणि माझ्या मसाल्यांचं पान कायमचं गेलं. चार वर्षांची गिऱ्हाइकं, त्यांचे निरोप, ऑर्डरी, सगळं त्यातच होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, हे सगळेच सांगतात. ते कराच. पण ज्या मेलवर खातं उघडलंय, त्या मेलचे फिल्टर (आलेला मेल आपोआप कुठे जावा हे ठरवणारे नियम) आधी बघा. मेलचा पासवर्ड बदलला म्हणजे चोर बाहेर गेला, असं मी धरून चालले. तो गेला, पण एक फिल्टर ठेवून गेला. खात्याच्या कंपनीकडून आलेला प्रत्येक मेल परस्पर ट्रॅशमध्ये पडत होता. अपिलानंतर त्यांनी ओळखपत्र मागवलं, मला कळलंच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ इनबॉक्स बघत होते मी! जीमेलच्या ट्रॅशमधला मेल 30 दिवसांनी आपोआप पुसला जातो. फिल्टर सापडला तेव्हा ट्रॅशमध्ये शेवटचा मेल तेवढा उरला होता, मुदत संपल्याचा.

जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये फिल्टर दिसत नाहीत. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये मेल उघडा, सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' बघा. आपण न केलेला फिल्टर दिसला तर आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट. शेजारच्या 'फॉरवर्डिंग'मध्ये परका पत्ता नाही ना, तेही बघा. पासवर्ड बदलून यातलं काहीही निघत नाही. स्वतः काढावं लागतं.

मेलमध्येच शिरता येत नसेल तर सायबर कॅफेत किंवा भावाच्या लॅपटॉपवरून खटपट करू नका. नेहमीचा फोन, नेहमीचं ब्राउझर, घरचं वायफाय वापरा. गूगल त्यावरूनही तुम्हाला ओळखतं. आणि वेळ काढू नका. रिकव्हरी नंबर (मेल परत मिळवायला दिलेला फोन नंबर) चोराने बदलला असला तरी जुन्या नंबरावर कोड मिळण्याची शक्यता बदलानंतर साधारण 7 दिवसच असते.

मेल ताब्यात आला, फिल्टर बघितले? मग पुरावे. खात्याची लिंक (नाव बदललं जातं, लिंक लिहून ठेवा), खातं उघडलं तेव्हाचा मेल आणि नंबर, पासवर्ड किंवा मेल बदलल्याच्या सूचना तारीख-वेळेसकट. ओळखपत्रावरचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळायला हवं. पॅन किंवा लायसन्स चालत असेल तर तेच द्या; आधारच द्यायचं असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढा. व्हिडिओ सेल्फी मागितला तर उजेडात, चष्मा काढून.

चोराने तुमच्या नावावर कोणाकडून पैसे उकळले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पोचक्रमांक जपून ठेवा. ओळखीच्यांना फोन करून सांगा.

आता अपील. एकदाच, मोजकं, खरं. इन्स्टाग्राम-फेसबुकवर त्यासाठी सहसा 180 दिवस असतात, पण पुढे त्यांनी काही मागवलं की तेवढा वेळ नसतो. म्हणून उत्तराची वाट बघताना इनबॉक्स, स्पॅम, ट्रॅश, तिन्ही रोज उघडा. आणि फिल्टर पुन्हा एकदा. हो, पुन्हा.

'खातं परत मिळवून देतो' म्हणणारे निरोप येतील. एक रुपया देऊ नका, कोड तर मुळीच सांगू नका.

नकार आला तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्यांचंही उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. 2023 पासून ही सोय आहे, मला फार उशिरा कळलं.

खातं मिळालं की टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन) चालू, बॅकअप कोड कागदावर, अनोळखी ॲप्स काढा. आणि फिल्टरचं पान उघडून बघा, महिनाभर, दर आठवड्याला.